परलोकावाचून श्रद्धा : मराठी ख्रिस्ती साहित्यातील एक मूल्यप्रश्न

१

रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांची मराठी समीक्षेने दोन भागांत वाटणी केली आहे. एक टिळक ‘फुलामुलांचे कवी’. ते पाठ्यपुस्तकांत, काव्यसंग्रहांत आणि वाङ्मयेतिहासाच्या मुख्य प्रकरणांत भेटतात. दुसरे टिळक ‘अभंगांजली’चे आणि अपूर्ण राहिलेल्या ‘ख्रिस्तायना’चे, त्यांची नोंद बहुधा ‘ख्रिस्ती वाङ्मय’ या स्वतंत्र दालनात होते. या वाटणीमागे एक गृहीतक आहे आणि ते क्वचितच उघडपणे मांडले जाते. ख्रिस्ती श्रद्धेचे मूल्य तिच्या परलोकविषयक आश्वासनावर अवलंबून आहे, ते आश्वासन वाचकाला मान्य नसेल तर त्या श्रद्धेतून निर्माण झालेल्या काव्याला त्याच्यापुरते प्रचारापलीकडचे मूल्य उरत नाही, असे ते गृहीतक होय.

हे गृहीतक तपासण्यासारखे आहे. परलोकाची कल्पना वजा केली तर ख्रिस्ती श्रद्धेत मूल्यवान असे काही शिल्लक राहते काय, हा प्रश्न धर्मशास्त्रज्ञांचा खरा. पण साहित्याच्या अभ्यासकालाही तो टाळता येत नाही. भक्तिकाव्याचा आशय ज्या श्रद्धेवर उभा असतो तिचे स्वरूप ठरल्यावाचून त्या काव्याचे मूल्यमापन निराधार ठरते. मराठीत या प्रश्नाला एक ठोस भूमीही लाभली आहे. टिळकांच्या आयुष्याची अखेरची दोन वर्षे ज्या साताऱ्यात गेली तो सातारा, आणि 1949 मध्ये ज्या भागाचा दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व 1960 मध्ये ज्याला सांगली हे नाव मिळाले तो मिरज-सांगलीचा टापू, ही ती भूमी होय.

२

प्रथम प्रतिपक्ष त्याच्या सर्वांत बलवान स्वरूपात मांडला पाहिजे. तो बाहेरच्या टीकाकाराने मांडलेला नसून नव्या करारातच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल निःसंदिग्धपणे सांगतो की, मेलेले उठवले जात नसतील तर ख्रिस्तही उठलेला नाही. आणि ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ आहे. केवळ या आयुष्यापुरती आशा बाळगणारे लोक त्याला सर्वांत कीव करण्याजोगे वाटतात. पौलाचे हे विधान प्रमाण मानले तर प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर तेथेच संपते.

परंतु बायबल ही एकाच आवाजातील संहिता नाही. जुन्या करारातील ‘उपदेशक’ या ग्रंथात मनुष्य आणि पशू यांची मृत्यूनंतरची गती वेगळी असल्याची खात्री नाही. स्तोत्रांतील अधोलोक हे पारितोषिकाचे स्थान नव्हे. तेथे देवाचे स्तवनही थांबलेले असते. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची स्पष्ट भाषा दानिएलाच्या ग्रंथासारख्या उत्तरकालीन लेखनात येते. येशूच्या काळातील सदूकी पंथाला पुनरुत्थान मान्य नव्हते, तरी मंदिराची सेवा तो पंथ करीतच होता. इस्राएलाची देवाशी असलेली करारबद्ध निष्ठा कित्येक शतके परलोकाच्या निश्चित आश्वासनावाचून टिकली, ही इतिहासाची वस्तुस्थिती आहे. परलोक नसेल तर श्रद्धा अशक्य होते, असे त्यामुळे सरसकट म्हणता येत नाही. फार तर, पौलाच्या अर्थाने ती ख्रिस्ती राहत नाही, असे म्हणता येईल. हा भेद पुढील विवेचनात ध्यानात ठेवला पाहिजे.

३

मराठीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होण्याचे एक कारण भाषिक आहे. ज्या शब्दांतून ख्रिस्ती परलोक मराठीत उतरला ते शब्द रिकामे नव्हते. फादर टॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ सिद्ध केले तेव्हा ओवीबरोबरच पुराणांची परिभाषाही त्यांनी स्वीकारली. ख्रिस्ती स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले. पुढे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या बायबल-भाषांतरांतून ‘स्वर्गाचे राज्य’ आणि ‘सार्वकालिक जीवन’ हे शब्दप्रयोग रूढ झाले.

‘स्वर्ग’ या शब्दाचे मराठी मनातील स्थान मात्र विलक्षण आहे. तो परमोच्च पुरुषार्थ नव्हे. पुण्याच्या साठ्यावर मिळणारा आणि तो साठा सरला की सुटणारा असा तो तात्पुरता भोग आहे. गीतेने त्याची ही मर्यादा नवव्या अध्यायात स्पष्ट केली आहे. वारकरी संतांनी त्याच्याही पुढे जाऊन मोक्षाविषयी उदासीनता दाखविली. मुक्तीपेक्षा भक्तीसाठी पुन्हा जन्म घ्यावा, ही तुकोबांची मागणी प्रसिद्धच आहे. ज्या भाषेत स्वर्ग हा दुय्यम आहे आणि मोक्षही भक्ताने नाकारावा असा आहे, त्या भाषेत ‘स्वर्ग मिळेल’ हे आश्वासन श्रद्धेचा मुख्य आधार म्हणून उभे राहणे अवघडच होते.

येथे मूळ संहितेची आठवण उपयोगी पडते. मत्तयाच्या शुभवर्तमानात जेथे ‘स्वर्गाचे राज्य’ येते तेथे मार्क आणि लूक बहुधा ‘देवाचे राज्य’ म्हणतात. देवाचे नाव टाळण्याच्या यहुदी संकेतातून मत्तयाचा शब्दप्रयोग आला, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या अर्थाने ते राज्य मृत्यूनंतर गाठावयाचे स्थान नसून देवाची सत्ता जेथे मानली जाते ती अवस्था आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तर सार्वकालिक जीवनाची व्याख्याच देवाला आणि ख्रिस्ताला ओळखणे अशी केली आहे. ती ओळख वर्तमानकाळातील आहे. मराठी वाचकाला ‘स्वर्ग’ या शब्दामुळे जे परलोकाचे चित्र दिसते त्यातील बराच भाग भाषांतराने निर्माण केलेला आहे.

४

टिळकांचे धर्मांतर या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखे आहे. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ती वाचताना डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात सर्वज्ञात आहे. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. प्रवचनाच्या ज्या भागाने ते ओढले गेले त्यात शत्रूवर प्रेम, सूडाचा त्याग, आतबाहेर एक असणे यांचा आग्रह आहे. त्या प्रवचनात प्रतिफळाची भाषा मुळीच नाही असे नाही. ‘स्वर्गात धन साठवा’ हाही त्यातलाच उपदेश आहे. परंतु टिळकांच्या काव्यात जे रुजले ते प्रतिफळ नव्हे, तो सहवास आहे.

तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. हे विधान केवळ छंदापुरते घेतले जाते, ही त्याची उपेक्षा होय. तुकोबांकडून टिळकांनी अभंग घेतला, तशीच भक्तीची एक मूल्यव्यवस्थाही घेतली. तीत भक्ती हे साधन नसून साध्य आहे. ‘अभंगांजली’त ख्रिस्त माउली होतो. आईजवळ असण्याचे सुख हे आईने पुढे काही द्यावे म्हणून नसते. टिळकांचा परलोकावर विश्वास होता, यात शंका नाही. तो नव्हता असे म्हणणे हे आजच्या वाचकाने आपली सोय त्यांच्यावर लादणे होईल. मुद्दा इतकाच की, त्या विश्वासाचे काव्यातील स्थान आधाराचे नाही. घराला माडी असावी आणि तरीही पाया माडीवर नसावा, तसे ते आहे.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा उपक्रम केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसंघ असावा, अशी त्यांची योजना होती. बाप्तिस्मा ही परलोकाच्या दारावरची मुद्रा आहे, अशी ज्यांची धारणा असेल त्यांना ही योजना मान्य होणे शक्य नव्हते. बाप्तिस्मा न घेतलेला मनुष्यही येथेच, या गावातच, ख्रिस्ताचा शिष्य असू शकतो असे मानणे म्हणजे शिष्यत्वाचे मूल्य वर्तमान आचरणात आहे असे मानणे होय. ‘दरबार’ हा शब्दही सूचक आहे. दरबार राजा हयात असताना आणि समोर असताना भरतो. साताऱ्यासारख्या छत्रपतींच्या राजधानीत तो शब्द कोणाला परका वाटण्याचे कारण नव्हते. 1919 च्या मे महिन्यात टिळकांचे निधन झाले आणि ही योजना तिच्या कर्त्याने कल्पिलेल्या रूपात फळाला आली नाही. पण तिच्या अपयशाने तिच्यातील विचार अप्रस्तुत ठरत नाही.

५

यावर एक रास्त आक्षेप येतो. परलोक वजा केल्यावर जे उरते ते नीतीच असेल, तर तिला श्रद्धा का म्हणावे? सातारा जिल्ह्याशी नाते असलेल्या आणखी दोन व्यक्तींमुळे हा आक्षेप स्पष्ट होतो.

महात्मा फुले यांचे मूळ घराणे कटगुणचे. ‘गुलामगिरी’त (1873) त्यांनी येशूला बळीराजाच्या परंपरेत बसवले. त्यांच्या निधनानंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त निर्मीक आहे, मानवी समतेचा आग्रह आहे, पण पौराणिक स्वर्गाला स्थान नाही. येशूची करुणा घ्यावी, स्वर्गाचा व्यवहार सोडावा, ही भूमिका फुल्यांनी टिळकांच्या आधीच निभावून दाखविली होती. गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला त्याच वर्षी, 1895 च्या जूनमध्ये, त्यांचे निधन झाले. आगरकरांच्या अज्ञेयवादात परलोकही नाही आणि उपास्यही नाही. कर्तव्य मात्र आहे, आणि ते त्यांनी कोणत्याही भक्ताइतक्या कठोरपणे पाळले.

मग टिळक या दोघांहून वेगळे कोठे? फरक नीतीच्या आशयात फारसा नाही. तो नीतीच्या व्याकरणात आहे. आगरकरांची वाक्ये वाचकाला उद्देशून आहेत आणि फुल्यांचा ग्रंथ प्रश्नोत्तरांतून समाजाशी बोलतो. टिळकांचा अभंग द्वितीयपुरुषी आहे; तो ‘तू’शी बोलतो. अपुरेपणाची कबुली, क्षमेची याचना, कृतज्ञता हे सारे समोर कोणी असल्याशिवाय संभवत नाही. नीती माणसाने काय करावे ते सांगते. जे करावयाचे राहून गेले त्याचे काय, याला तिच्यापाशी पश्चात्तापापलीकडे उत्तर नसते. श्रद्धेपाशी क्षमा आहे. आणि क्षमेसाठी परलोक लागत नाही, ती मिळते तो क्षण याच आयुष्यातला असतो. परलोक वजा केल्यावर टिळकांचे रूपांतर आगरकरांत होत नाही, ते या कारणाने.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त याच गोष्टीचे गद्य रूप दिसते. जात देवाने केलेली नसून माणसाने केली, हा विचार मनात स्थिर झाल्यावर त्यांचे सोवळे सुटते. बाप्तिस्मा नंतर येतो. ज्या ग्रंथात एका स्त्रीच्या धर्मांतराची इतकी सविस्तर हकीकत आहे त्यात नरकाचे भय वा स्वर्गाची ओढ कथानकाला पुढे ढकलताना दिसत नाही. पाणी कोणाच्या हातचे प्यावे, दुष्काळातल्या पोरक्या मुलांना कोणत्या पंक्तीला बसवावे, रिकाम्या घरात कोणाला जेवू घालावे, हे त्या ग्रंथातील धर्माचे प्रश्न आहेत. पतीच्या वैराग्याची किंमत संसाराला मोजावी लागते हेही त्या हसत हसत, पण डोळेझाक न करता सांगतात.

मिरजेचे उदाहरण साहित्याबाहेरचे असले तरी याच विचाराला पुष्टी देते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये तेथे मिशनचे रुग्णालय उभे केले. वैद्यकीय सेवा हे आत्मे जिंकण्याचे साधन की ती स्वतःच साक्ष, हा वाद मिशनच्या चळवळीत पुढे दीर्घकाळ चालला. अमेरिकेतील तत्त्वज्ञ हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1932 मधील अहवालात सेवेला धर्मप्रचाराच्या अटीतून मोकळे करावे असे सुचविले आणि त्यावर मोठे वादळ उठले. सांगली-मिरजेच्या पंचक्रोशीने हा वाद आपल्या परीने केव्हाच निकालात काढला होता. तेथील असंख्य रुग्णांनी बरे होणे स्वीकारले, धर्म स्वीकारला नाही. आणि डॉक्टरांचे नाव मात्र वॉन्लेसवाडीच्या रूपाने नकाशावर राहिले.

६

येथवरचे विवेचन एकाच बाजूने झुकलेले आहे, हे मान्य केले पाहिजे. परलोकाची कल्पना श्रद्धेत तीन कामे करते. ती प्रतिफळ देते, न्याय देते आणि नाते टिकवते. पहिले काम सोडून देण्यात काही हानी नाही, उलट श्रद्धा शुद्ध होते. ईयोबाच्या ग्रंथात सैतानाचा आक्षेपच असा आहे की, हा मनुष्य देवाची भक्ती फुकट करीत नाही. तिसऱ्या कामाचा बराच भाग भक्तीची वर्तमानता भागवते. खरी अडचण दुसऱ्या कामापाशी आहे.

1899–1900 च्या दुष्काळात आणि त्याच सुमाराच्या प्लेगात जी मुले मेली, त्यांच्यासाठी ‘देवाचे राज्य येथेच आहे’ या विधानाचा अर्थ काय? त्यांच्या वाट्याला ते राज्य आले नाही. सेवा जगलेल्यांपर्यंत पोहोचली. क्षमा, कृतज्ञता, सहवास या सर्व गोष्टींना निदान काही वर्षांचे आयुष्य लागते. वॉल्टर बेंजामिन यांना 1937 मध्ये लिहिलेल्या पत्रात मॅक्स होर्कहायमर यांनी हाच मुद्दा मांडला होता : घडून गेलेला अन्याय पुरा झालेला असतो, मारले गेलेले खरोखरच मारले गेलेले असतात. बेंजामिन यांनी त्याला स्मरणाचे उत्तर दिले. पुरे झालेले दुःख स्मरण पुन्हा अपुरे करते, असा त्यांचा आशय होता. मराठीत एका ख्रिस्ती स्त्रीने लिहिलेल्या श्रेष्ठ गद्यग्रंथाचे नाव ‘स्मृतिचित्रे’ असावे, हे या संदर्भात आठवते. परंतु स्मरण हा न्याय नव्हे. शिवाय ज्याला आठवणारे कोणी उरले नाही त्याला स्मरणाचाही आधार नाही.

या ठिकाणी पौलाच्या विधानाकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते. पुनरुत्थानाचा त्याचा आग्रह हा स्वतःच्या चिरंजीवित्वाचा लोभ म्हणून वाचला तर तो क्षुद्र ठरतो. तो क्रुसावर मारल्या गेलेल्या एका निरपराध माणसाविषयी आहे. त्या माणसाचा मृत्यू हाच जर अखेरचा शब्द असेल तर मारणारे जिंकले, असा त्याचा अर्थ होतो. पुनरुत्थान हे मूलतः बक्षीस नसून मारणाऱ्यांच्या निकालाविरुद्ध केलेले अपील आहे.

‘ख्रिस्तायना’ची रचना या प्रश्नासमोरच उभी आहे. टिळकांनी आरंभीचे सुमारे दहा अध्याय लिहिले आणि ते गेले. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला आणि त्यांच्याही निधनानंतर, 1938 मध्ये, तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. जन्माची कथा पतीच्या वाट्याला आली. मरणाची आणि त्यापुढची कथा पत्नीच्या. डोंगरावरील प्रवचनाने ख्रिस्ताकडे आलेल्या कवीला क्रुसापर्यंतचे काव्य लिहायला आयुष्य पुरले नाही. यातून प्रतीक काढण्याचा मोह आवरावा. पण ‘अभंगांजली’चा वर्तमानकाळ आणि ‘ख्रिस्तायना’चा कथाकाळ यांची तुलना करणाऱ्या अभ्यासकाने हे लक्षात घ्यावे की, मुक्तकात परलोक बाजूला ठेवता येतो, महाकाव्याला मात्र मृत्यूपाशी थांबावे की पुढे जावे हे ठरवावेच लागते.

७

निष्कर्ष दुहेरी आहे. परलोकावाचून ख्रिस्ती श्रद्धेला मूल्य आहे. ते नीतीत विरघळून जाणारे मूल्य नाही. संबोधन, क्षमा आणि कृतज्ञता यांतून सिद्ध होणारे ते स्वतंत्र मूल्य आहे. टिळकांचा अभंग आणि लक्ष्मीबाईंचे गद्य हा त्याचा मराठीतील पुरावा. परलोक न मानणारा वाचकही तो पुरावा तपासू शकतो, आणि म्हणूनच ‘ख्रिस्ती वाङ्मय’ या दालनाची भिंत समीक्षेने पाडली पाहिजे. पहिल्या टिळकांना मोठे म्हणावे आणि दुसऱ्यांना प्रचारक म्हणून सोडून द्यावे, याला साहित्यिक आधार नाही.

परंतु हे मूल्य पूर्ण नाही, हेही तितकेच खरे. भक्ताला स्वतःपुरता स्वर्ग सोडता येतो. तुकोबांनी मोक्ष सोडला तेव्हा तो त्यांचा होता, म्हणून तो त्याग थोर ठरला. दुसऱ्याच्या वतीने असा त्याग करण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुष्काळात मेलेल्या मुलाच्या वतीने ‘येथेच सारे आहे’ असे म्हणणे हा त्याग नव्हे, ती उदासीनता होय. परलोकाची आशा स्वतःसाठी अनावश्यक आणि इतरांसाठी अटळ ठरते, अशा पेचात ही श्रद्धा उभी आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास या पेचातून सुरू व्हावयास हवा. फुले आणि आगरकर यांच्या मराठीत परलोकाची गरज नाही असे सांगणाऱ्या समर्थ वाक्यांची वाण नाही. ज्यांना या लोकात काहीच मिळाले नाही अशा मृतांविषयी ती वाक्ये काय म्हणतात, हा प्रश्न त्यांना विचारणे बाकी आहे.